निसर्गाचा डीप फ्रीज आणि त्याचं उघडं राहिलेलं दार

मित्रांनो, मे महिन्यात मेसमधला रात्रीचा भात नीट झाकून ठेवला तरी सकाळी त्याला वास येतो. दुधाचं तर विचारूच नका. आणि तिकडे सायबेरियात सापडलेल्या मॅमथच्या एका पिल्लाच्या पोटात आईच्या दुधाचे अंश मिळाले, तेही सुमारे ४२,००० वर्षांनंतर! हे प्रथम वाचलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पडावा तोच प्रश्न मला पडला : हा फ्रीज चालतो कसा? ना कॉम्प्रेसर, ना वीज, ना मेंटेनन्स. त्याचं उत्तर शोधताना दुसरा एक प्रश्न समोर आला, आणि तो जास्त महत्त्वाचा वाटतो. या फ्रीजचं दार आता उघडं राहिलंय, तर आतल्या मालाचं काय होणार?

पर्माफ्रॉस्ट म्हणजे नक्की काय?

जी जमीन सलग दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ शून्य अंश सेल्सिअसवर वा त्याखाली राहते तिला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. व्याख्येत बर्फाचा उल्लेख नाही हे लक्षात घ्या. तापमान महत्त्वाचं, मग ती माती असो, वाळू असो की खडक. सायबेरिया, अलास्का, उत्तर कॅनडा इथे तिचे प्रचंड पट्टे आहेत. आपल्या देशात लडाखच्या उंच भागातही ती आहे. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो, हिवाळ्यात पुन्हा गोठतो. हा झाला 'सक्रिय थर'. त्याच्या खालची जमीन मात्र गोठलेलीच राहते.

किती खोल? रशियातल्या याकुत्स्क शहरात शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्याने १८२८ साली पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. खणत खणत १८३७ पर्यंत सुमारे ११६ मीटर खाली गेले. पाणी लागलं नाही. तळाला जमीन गोठलेलीच होती! पाण्याची विहीर फसली, पण पुढे मिडेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने १८४४ मध्ये याच विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर तापमान मोजलं आणि गोठलेल्या जमिनीच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला मोठी चालना मिळाली.

आता थोडं गणित. घाबरू नका, हीट ट्रान्स्फरच्या पहिल्या काही धड्यांतलंच आहे. याकुत्स्कला जानेवारीचं सरासरी तापमान उणे ३८ अंशांच्या आसपास, तर जुलैचं अधिक १९. म्हणजे सरासरीच्या वर-खाली साधारण २८ अंशांचा झोका. ही वर्षाची लाट जमिनीत शिरताना विरत जाते. जमिनीची थर्मल डिफ्युझिव्हिटी सेकंदाला एक चौरस मिलिमीटर धरली, तर दर ३.२ मीटर खोलीला लाटेची उंची ३७ टक्क्यांवर येते. दहा मीटर खाली मूळ झोक्याच्या जेमतेम ४ टक्के उरतात, म्हणजे सव्वा अंश! बर्फ वितळायला लागणारी सुप्त उष्णता यात धरलेली नाही. ती धरली तर फरक आणखी कमी होईल. थोडक्यात, वर हिवाळे-उन्हाळे येत-जात राहतात आणि खाली त्यांची फारशी दखलही घेतली जात नाही. आपल्या फ्रीजला थर्मोकोलसारख्या फोमचं आवरण असतं, या फ्रीजला मातीचंच आवरण आहे.

नुसती थंडी पुरत नाही

थंडीमुळे रासायनिक क्रिया मंदावतात, जिवाणूंची वाढ थांबते, हे शाळेपासून माहीत आहे. पण सायबेरियात मेलेला प्रत्येक प्राणी टिकला असता तर पाऊल ठेवायला जागा उरली नसती. बहुतेक प्राणी लांडग्यांनी खाल्ले, उन्हाळ्यात कुजले, त्यांची फक्त हाडं राहिली. मांस, कातडी, केस टिकायचे तर काही गोष्टी एकत्र जुळून याव्या लागतात. एक, शरीर लवकर गाडलं जायला हवं. दोन, हवा लागता कामा नये. तीन, पाणी जिवाणूंच्या हाती लागता कामा नये. आणि चार, एकदा गोठल्यावर ते पुन्हा वितळता कामा नये.

तिसरा मुद्दा गंमतीदार आहे. माती गोठताना तिच्यातलं पाणी बर्फाच्या थरांकडे ओढलं जातं आणि तिथे बर्फाच्या चकत्या तयार होतात. शेजारी पुरलेल्या शरीरातलं पाणीही हळूहळू तिकडे जातं. शरीर गोठतं आणि सुकतंही. फ्रीजरमध्ये उघडी राहिलेली भाजी कशी कोरडी पडते, तसंच. म्हणून या अवशेषांना 'ममी' म्हणतात ते योग्यच आहे.

अलास्कात फेअरबँक्सजवळच्या सोन्याच्या खाणीत १९७९ साली हिमयुगातला एक बायसन असाच मिळाला. त्याच्या ऊतींमधला फॉस्फरस आणि मातीतलं लोह यांपासून व्हिव्हिअनाइट नावाचं खनिज बनलं, आणि हवा लागताच ते निळं झालं. म्हणून त्याचं नाव पडलं 'ब्लू बेब'. प्राध्यापक डेल गथ्री यांनी त्याची तपासणी एखाद्या अपघाताच्या पंचनाम्यासारखी केली. कातडीवर नखांचे ओरखडे, दातांची भोकं, आणि मानेच्या कातडीत अडकलेला सिंहाच्या दाताचा तुकडा! म्हणजे हिमयुगातल्या अलास्कात सिंह होते, आणि या बायसनला त्यांनीच मारलं होतं. नुसती हाडं मिळाली असती तर ही हकिगत इतकी स्पष्ट कळली नसती.

आता सुरुवातीच्या पिल्लाकडे येऊ. तिचं नाव ल्युबा. मे २००७ मध्ये यामाल द्वीपकल्पात ती सापडली. जेमतेम महिन्याची असताना चिखलात रुतून, नाका-सोंडेत गाळ जाऊन ती गुदमरली. ती इतकी चांगली कशी टिकली? संशोधकांचा निष्कर्ष असा, की तिच्या शरीरात लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंची वाढ झाली आणि त्या आम्लामुळे कुजवणारे इतर जिवाणू दूर राहिले. म्हणजे दुधाचं दही होताना जी क्रिया होते, तीच! आपल्या आज्या विरजण लावतात ते शास्त्र तिथे आपोआप घडलं. शरीर आधी आंबलं आणि मग गोठलं, असा दुहेरी बंदोबस्त.

'झटक्यात गोठला' ही थाप

१९०० साली कोलिमाच्या खोऱ्यात बेरेझोव्का नदीकाठी एक पूर्ण वाढलेला मॅमथ सापडला. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गहून ओटो हेर्ट्झ यांची तुकडी तिथे पोचली. त्याच्या दातांत न गिळलेला चारा होता, पोटात गवत होतं. यावरून एक कथा पसरली की काही क्षणांत भयंकर थंडी पडली आणि मॅमथ चरता चरता उभ्या उभ्या गोठला. आजही ही कथा ठामपणे सांगणारे भेटतात.

आपण हिशोब करून पाहू. शरीराची जाडी दीड मीटर धरा, म्हणजे थंडीला आतपर्यंत जायला पाऊण मीटर अंतर. मांसाची थर्मल डिफ्युझिव्हिटी सेकंदाला ०.१४ चौरस मिलिमीटर. अंतराचा वर्ग भागिले डिफ्युझिव्हिटी, उत्तर येतं साधारण ४० लाख सेकंद, म्हणजे ४६ दिवस! बाहेर कितीही थंडी असो, गाभ्यापर्यंत ती पोचायचा कालावधी या पातळीचाच राहणार, आणि सुप्त उष्णता धरली तर आणखी जास्त. शिवाय हेर्ट्झ यांच्या तुकडीला त्या शरीराची भयंकर दुर्गंधी सहन करावी लागली होती, म्हणजे ते थोडंफार कुजलेलंही होतं. त्याची हाडं मोडलेली होती. पडून, अडकून मेला आणि हळूहळू गोठला, हे साधं स्पष्टीकरण पुरेसं आहे.

असाच दुसरा किस्सा. न्यूयॉर्कच्या एक्सप्लोरर्स क्लबच्या १९५१ सालच्या मेजवानीत हिमयुगातल्या प्राण्याचं मांस वाढलं, अशी दंतकथा होती. त्यातला एक तुकडा बाटलीत जपून राहिला होता. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा डीएनए तपासला आणि २०१६ मध्ये निकाल आला : ते समुद्री कासव होतं!

बिया बोलू लागतात

मॅमथमुळे वनस्पतींकडे जरा दुर्लक्ष होतं, पण माझ्या मते खरी कमाल त्यांचीच आहे. कोलिमा नदीच्या काठावर हिमयुगातल्या खारींची बिळं सापडली. या खारींनी हिवाळ्याची बेगमी म्हणून लाखो बिया आणि फळं साठवून ठेवली होती. वर गाळ साठत गेला आणि ही कोठारं आजच्या पृष्ठभागापासून ३८ मीटर खाली, उणे ७ अंशांत बंद झाली. वय सुमारे ३१,८०० वर्षं.

रशियातल्या पुश्चिनो इथल्या संशोधकांनी त्यातल्या सिलीन स्टेनोफिला या छोट्या पांढऱ्या फुलाच्या झाडाची फळं घेतली. पक्व बियांनी दाद दिली नाही. मग त्यांनी कच्च्या फळांतली, बिया जिथे चिकटलेल्या असतात ती ऊती घेतली आणि टिश्यू कल्चरने वाढवली. रोपं आली, फुलं आली, आणि त्यांच्यापासून झालेल्या बियाही उगवल्या. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ज्या खारीने ते फळ नेऊन ठेवलं ती कधीच गेली, पण तिची बेगमी कामाला आली ती अशी!

पण इथेही सावध राहायला हवं. १९६७ मध्ये कॅनडाच्या युकॉनमधल्या ल्युपिनच्या बिया १०,००० वर्षं जुन्या असून उगवल्या, असं जाहीर झालं होतं. एका खाण इंजिनिअरला त्या १९५४ साली लेमिंग नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांच्या गोठलेल्या बिळांत मिळाल्या होत्या. वय ठरवलं ते बिळांवरून, बियांवरून नव्हे. कित्येक पुस्तकांत हा दावा छापला गेला. २००९ मध्ये त्याच बियांचं थेट रेडिओकार्बन मापन झालं, तेव्हा त्या अगदी आधुनिक निघाल्या. बीळ जुनं, पण बी नंतर आत गेलेलं! लॅबमध्ये रीडिंग कुठून घेतलं हे सर पुन्हा पुन्हा का विचारतात, ते यावरून कळावं.

आणि जिथे ना बी आहे ना हाड, तिथेही माहिती मिळते. उत्तर ग्रीनलंडमधल्या काप कोबेनहाव्हन इथल्या गाळात मातीच्या कणांना चिकटून राहिलेला सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा डीएनए वाचता आला. २०२२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. आज तिथे ध्रुवीय वाळवंट आहे. तेव्हा तिथे बर्च आणि पॉप्लरची झाडं होती, ससे, रेनडिअर, आणि हत्तीचे भाऊबंद असलेले मास्टोडॉनही होते. मूठभर गोठलेली माती म्हणजे अख्ख्या जंगलाची हजेरीपत्रिका!

वय कसं काढतात?

रेडिओकार्बनची अर्धायुष्य पद्धत आपण बारावीत शिकलो. ५,७३० वर्षांत कार्बन-१४ निम्मा होतो. ५०,००० वर्षांत जवळजवळ पावणेनऊ वेळा निम्मा, म्हणजे मूळच्या हजारातले फक्त दोन-अडीच भाग उरतात. त्यापुढे आधुनिक कार्बनची जराशी भेसळही उत्तर बिघडवते. म्हणून ५०,००० च्या पुढे ही पद्धत कामाची नाही.

याचं ताजं उदाहरण म्हणजे 'याना' हे मॅमथचं पिल्लू. २०२४ मध्ये याकुतियातल्या बातागाइका इथे ते मिळालं. वजन शंभर किलोच्या वर. सुरुवातीला वय सुमारे ५०,००० वर्षं सांगितलं गेलं. पुढे ज्या थरात ते होतं त्याच्या अभ्यासानंतर अंदाज १,३०,००० वर्षांच्या पुढे गेला. पट्टी ५०,००० ची आणि मोजायचं त्याच्या अडीच पट, मग दुसरी पट्टी शोधावी लागते.

कोण आधी पोचतं?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. गोठलेल्या जमिनीतला अवशेष आपल्याला दिसतो तो जमीन वितळली म्हणून. आणि ज्या क्षणी ती वितळते त्याच क्षणी त्याचं कुजणंही सुरू होतं. शोध आणि नाश एकाच वेळी सुरू होतात. आपल्याला काय कळणार, हे मग तिथे आधी कोण पोचतं यावर ठरतं. तीन उदाहरणं बघा.

१७९९ साली लेना नदीच्या मुखाजवळ शुमाखोव्ह नावाच्या शिकाऱ्याला बर्फाळ मातीत एक मॅमथ दिसला. १८०४ मध्ये तो पुरता मोकळा झाल्यावर त्याने सुळे काढून विकले. वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅडम्स तिथे पोचले १८०६ मध्ये. तोवर बहुतेक मांस लांडग्यांनी आणि कुत्र्यांनी फस्त केलं होतं. सांगाडा आणि काही कातडी-केस एवढंच हाती लागलं. तो सांगाडा आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे.

२००७ साली ल्युबा दिसली ती युरी खुदी या रेनडिअर पाळणाऱ्या नेनेत्स माणसाला. त्याने तिला हात लावला नाही. लांबचा प्रवास करून संग्रहालयाला कळवलं. मंडळी हेलिकॉप्टरने आली तर पिल्लू गायब! मधल्या काळात कोणीतरी ते एका दुकानदाराला विकलं होतं. मिळालं तेव्हा कुत्र्यांनी शेपूट आणि एक कान कुरतडलेला होता. बाकी सगळं वाचलं, ते खुदीने पिच्छा सोडला नाही म्हणून. ल्युबा हे नाव त्याच्या पत्नीचं आहे.

आणि २०२२ साली युकॉनमधल्या क्लोंडाइकमध्ये सोन्याच्या खाणीत काम करणाऱ्या एका तरुणाला माती काढताना काहीतरी वेगळं लागलं. काम थांबलं, लगेच फोन गेले, जवळच असलेले भूवैज्ञानिक त्याच दिवशी आले आणि त्यांनी पिल्लू सुरक्षित हलवलं. थोड्याच वेळात तिथे वादळी पाऊस कोसळला. तिथल्या ट्रॉन्डेक ह्वेचिन या मूळ रहिवाशांच्या वडीलधाऱ्यांनी तिला 'नुन चो गा', म्हणजे 'मोठं बाळ-जनावर', असं नाव दिलं. तिची कातडी, नखं, सोंड सगळं शाबूत आहे.

सात वर्षांचा उशीर, काही दिवसांचा उशीर आणि काही तास, एवढाच फरक. विशेष म्हणजे तिन्ही वेळी प्रथम पाहणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. शिकारी, पशुपालक, खाणकामगार. त्यांनी काय केलं यावर विज्ञानाचं भविष्य ठरलं.

दार उघडं राहिलंय

बातागाइकाचंच पाहा. १९६० च्या दशकात तिथलं जंगल कापलं गेलं, जमिनीवरची सावली गेली, बर्फ वितळला, जमीन खचली. आज ती घळ सुमारे एक किलोमीटर लांब आहे आणि तिचा कडा पन्नास मीटरहून उंच आहे. तिच्या तळाशी सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वीचं पर्माफ्रॉस्ट आहे. संशोधकांना हे उघडं पडलेलं पुस्तकच वाटतं, पण त्या पुस्तकाची पानं दर उन्हाळ्यात चिखल होऊन वाहून जातात. एक याना मिळते तेव्हा न दिसता किती गेल्या असतील?

माणसाची हावही आहेच. चीनमध्ये हत्तीच्या दातांचा व्यापार २०१७ च्या अखेरीस बंद झाला, पण मॅमथच्या सुळ्यांना मागणी राहिली. याकुतियात सुळे शोधणारे पंपाने नदीचं पाणी उपसून पाइपाने थेट कड्यावर मारतात. सुळा मिळतो, बाकीचं सगळं नदीत. अर्थात गरीब भागातल्या माणसाला एका सुळ्यात वर्षाची कमाई दिसत असेल तर नुसता उपदेश करून भागणार नाही, हेही खरं.

जमिनीतून बाहेर येतं ते सगळं निरुपद्रवीही नसतं. २०१६ च्या कडक उन्हाळ्यात यामालमध्ये अँथ्रॅक्सची साथ आली. दोन हजारांहून अधिक रेनडिअर दगावले आणि एका बारा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. पूर्वीच्या साथीत मेलेल्या जनावरांचे गोठलेले अवशेष वितळल्यामुळे ती पसरली असं मानलं जातं. तिथे रेनडिअरचं लसीकरण २००७ पासून बंद होतं, हेही विसरता येणार नाही.

आणि सर्वांत मोठा साठा आहे तो कार्बनचा. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्टमध्ये झाडापाल्याच्या रूपाने सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन पडून आहे. वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट. तो कुजला की कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन बाहेर पडतो, तापमान वाढतं, आणखी जमीन वितळते. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर पॉझिटिव्ह फीडबॅक!

इंजिनिअर काय करू शकतात?

अलास्काची तेलवाहिनी १९७७ मध्ये सुरू झाली. लांबी सुमारे १,२८७ किलोमीटर. गरम तेलाने जमीन वितळली तर पाइपचे खांब खचतील, म्हणून अर्ध्याहून जास्त वाहिनी जमिनीच्या वर खांबांवर नेली आणि त्या खांबांत सव्वा लाखाच्या आसपास हीट पाइप बसवले. आत अमोनिया. हिवाळ्यात तळाचा अमोनिया जमिनीची उष्णता घेऊन वाफ होतो, वर पंख्यांपाशी थंड होऊन द्रव होतो आणि गुरुत्वाकर्षणाने खाली येतो. उन्हाळ्यात वरची बाजू गरम, त्यामुळे क्रिया आपोआप बंद. मोटर नाही, वीज नाही. जमीन गोठलेली ठेवता येते, हे यातून सिद्ध झालं. पण ते खांबांपुरतं. अख्ख्या सायबेरियाला हीट पाइप बसवता येणार नाहीत. तिथे उपाय एकच : तापमान वाढवणारं इंधन कमी जाळणं. आणि आपण पुढे जी यंत्रं बनवू, त्यांची एफिशियन्सी आपल्याच हातात असणार आहे.

मॅमथचा आज जिवंत असलेला सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे आशियाई हत्ती, हे डीएनएनेच सिद्ध केलं. म्हणजे आपल्याकडच्या मिरवणुकांतला आणि जंगलांतला हत्ती ल्युबाचा चुलतभाऊ. मॅमथ बर्फात जपला गेला, तरी त्याला जिवंत ठेवता आलं नाही. हत्ती अजून आहे. त्याला जपायला बर्फ लागत नाही, जंगल लागतं.

तेव्हा मित्रांनो, उद्या एखाद्या साइटवर, बोगद्यात, रस्त्याच्या खोदकामात तुमच्या पोकलेनच्या बकेटला काही वेगळं लागलं, मग ते हाड असो, मडकं असो वा लाकूड, तर क्लोंडाइकच्या त्या तरुणासारखं मशीन थांबवा आणि फोन करा. शेड्यूल एक दिवस पुढे गेलं तर भरून काढता येतं. हजारो वर्षं जपलेली गोष्ट एकदा गेली की तिला सप्लिमेंटरी परीक्षा नसते.